माझ्या खुर्चीपुढची रांग

३ मार्च

सलूनमध्ये आजही माझी खुर्ची रिकामी! मामासाठी बाकावर चौघे ताटकळतील, पण माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पोस्टमन तर तोंडावर म्हणाला, "याच्याकडे बसलो तर टपाल उद्यावर जाईल." मी हळू कापतो हे खरे. पण एक तरी केस वर-खाली दाखवा! कुणी तरी एकाने म्हणावे — मला हाच हवा. बस्स.

४ मार्च

कात्र्या पुसल्या. पुन्हा पुसल्या.

७ मार्च

म्हणाले! शाळेतले चित्रकलेचे मास्तर आले. मामाची खुर्ची मोकळी होती, तरी थेट माझ्याकडे — "मला हाच हवा." दोरी धरल्यासारखे सरळ कापले. मास्तर आरशासमोरून हलेनात. मामा चहा पीत होता, पेला दोन्ही हातांनी धरून.

१९ मार्च

मास्तरांनी गावभर केले वाटते. अख्खा बाक आता माझा! मामा आपल्याच खुर्चीत बसून गप्पा मारतो आणि माझी रांग खो-खो हसते. पोस्टमनही फितूर झाला. "मामाच्या गप्पा फुकट, वर भाच्याची कात्री!" मला मात्र घास गिळवत नाही. ज्याने कात्री धरायला शिकवले, त्याचीच गिऱ्हाइके मी त्याच्या डोळ्यांदेखत पळवतो आहे.

२१ मार्च

ठरवले — एखाद्याचे मुद्दाम बिघडवायचे. म्हणजे लोक मामाकडे परततील. पोस्टमनच निवडला. हात ऐकेना! शेवटी श्वास रोखून डावीकडे कात्री तिरकी मारली. तो आरशात बघतच राहिला. मी माफी मागणार, तोच ओरडला, "अरे, मी तर एकदम पोरगा दिसतोय!"

२२ मार्च

सकाळपासून तिघे. तिघांनाही "पोस्टमनसारखं तिरकं" हवे! मामा पोट धरून हसला. घरी आई म्हणाली, "धंदा चाललाय ना? मग हे सुतकी तोंड कशाला?"

२४ मार्च

रांग संपल्यावर मामा माझ्या खुर्चीत येऊन बसला. "माझंही तिरकं कर." मी अंगावर कापड पसरले. कापडाखाली त्याचे हात थरथरत होते.

"मास्तरांना मीच म्हटलं होतं, त्याच्याकडे बसा. हे हात आता ऐकत नाहीत रे. एखाद्याचा कान गेला असता."

मला समोरचे दिसेना.

"आधी डोळे पूस," मामा म्हणाला. "नाहीतर माझा जाईल."