बिनलसणाची चटणी

अंजना, सांगलीहून तुझ्या सासूचे आशीर्वाद.

मी पोराच्या खोलीवर आल्यावर पहिला कोण टपकला म्हणशील, तर आपल्या जोतीरामाच्या कॉलेजातला नेमिनाथ. चांगला गुबगुबीत! दिवस मावळायच्या आत आला आन् थेट तू गावाकडनं धाडलेल्या डब्यापाशी बसला. आपलं पोरगं मात्र वाळून काडी. बिनलसणाची चटणी कुणासाठी मागवतो, ते तवा कळलं.

जोतीराम म्हणाला, “आज्जे, ह्यो जैन हाय. खानावळीत अंधार पडल्यावर वाढत्यात, म्हणून उपाशी राहायचा. मी अर्धी भाकरी देतो, त्यो गणित शिकवतो.”

अगं, गणितात नापास होणारा तुझा लेक औंदा साठ मार्क पाडून पास झाला! मी शेजारी गूळ वाटला.

पण अर्ध्या भाकरीनं कुणी एवढं फुगतं का? तू चार भाकरी जास्त धाड. धाकटीचा खोकला गेला का?

मी डब्यासमोरच बसणार हाय. नेमिनाथ गुरुवारी तुझा नवा डबा आला की उजेडातच परत येतो म्हणालाय.