बांबू तळाला लागतो

कोपरगाव
६ फेब्रुवारी १९९४

ती. दादा यांस,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

सहादेवकाका काल इकडे आले होते. चहा पिता पिता म्हणाले, की तुम्ही रोज धरणाच्या पाण्यातून पलीकडे कलिंगडाच्या वाफ्यांना जाता. तेही ट्रकच्या दोन ट्यूबांवर आपल्या जुन्या घराचं दार बांधून, त्यावर उभे राहून! पुढे हवालदार कुत्रा ऐटीत बसतो आणि तुम्ही मागे बांबू रेटता. काका हसत होते, मी चहा तसाच ठेवून दिला. दादा, तुम्हाला पोहता येत नाही. आई गेल्यापासून मला तुम्हीच आहात. फिरून सात मैल पडतात ना? पडू देत.

काका आज माघारी निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र आणि तेलाचा रिकामा कॅन देतेय. बूच मेणानं बंद केलंय, पट्टा शिवलाय. तो कमरेला बांधायचा. नाहीतर रजा टाकून येईन आणि ते दार चुलीत घालीन.

लोभ जिता ठेवा, स्वतःलाही ठेवा.
तुमची प्रज्ञा

नवं गावठाण, ता. शेवगाव
१२ फेब्रुवारी

चि. प्रज्ञास जयभीम व अ. आ.

कॅन पोचला. तू भित्री ती भित्रीच, आईवर गेलीस. अगं, मी काय समुद्रात चाललोय? खाली आपलंच बुडालेलं गाव हाय, आन ह्या दिसांत पानी छातीएवढं. कुठं आपली भिंत, कुठं लिंबाचं खोड, समदं बांबूला कळतं. आपला आड ठावा हाय, त्याला वळसा घालतो. बांबू तळाला लागतो तवर भ्यायचं काम न्हाई.

कॅन हवालदाराला बांधलाय. परवा माझी टोपी उडाली तर बेन्यानं तिच्यामागं उडी टाकली, दमून गेलं बिचारं. माझ्यापरास त्यालाच गरज.

माया हाय तशी असू दे.
तुझा दादा, रंभाजी

कोपरगाव
१९ फेब्रुवारी

ती. दादा यांस सप्रेम जयभीम.

कॅन कुत्र्याला? मी कपाळाला हात लावला! वर्गात पोरं पाढे म्हणतात आणि मला नुसतं पाणी दिसतं. पोस्टमन दिसला की वर्ग सोडून फाटकापर्यंत धावते. वारा सुटला आणि दार भलतीकडे गेलं तर? वळसा घालता तो आपल्या आडाला. गावात दुसऱ्या विहिरी नव्हत्या का? मला खरंच भीती वाटते. शाळेची तपासणी झाली की मी येतेच.

रागावले आहे, तरी तुमचीच,
प्रज्ञा

नवं गावठाण
२३ फेब्रुवारी

चि. प्रज्ञास जयभीम व अ. आ.

पैलं सांगतो, मी जिता हाय. आता बाकीचं वाच.

सोमवारी परतताना वारा सुटला. दार वरल्या आळीच्या अंगाला गेलं. मी जोर लावून बांबू टाकला, तर खाली तळच न्हाई! तोल गेला, बांबूसंगं मी बी आत. पोरी, नुसता अंधार. पाय टेकायला काय बी न्हाई. लई भ्यालो. तुझ्या आईला हाक मारली असंल, पन तोंडात पानी. एकदा वर आलो तवा हाताला कॅन लागला. हवालदारानं माझ्यामागं उडी टाकलेली. तो पट्टा धरला, अन् त्यानं ओढत ओढत मला दारापातुर नेलं. फुडं पाय टेकले, मंग दाराला धरून चालत काठाला आलो.

तू इचारलीस ती हीच विहीर, वरल्या आळीची. समद्या गावाची जमीन मला पाठ हाय, तेवढी विहीर न्हाई. माझ्या तरनेपनी तिच्या काठाला आपल्या मानसाला जाऊ देत नव्हते. लांब घागर ठिवून उभं ऱ्हायचं, कुनी वरून वाढलं तर पानी. तोंड केवढं, पायऱ्या कुठं, मला कळावं कसं? जल्मात तिच्यात वाकून बघितलं न्हाई, आन सोमवारी नाकातोंडात गेली.

हवालदार पायापाशी झोपलाय. दार पान्यातच सोडलं, आता सात मैल चालीन. कॅन मातर त्याच्या पोटाचा सोडून माझ्या कमरेला बांधलाय, हे ओसरीवर बसून लिहिताना बी. हसू नको. तू येस्तवर सोडायचा न्हाई.

तुझा भ्यालेला बाप,
रंभाजी