जागेचा नारळ

मी गिरजाबाई बोरीकर, आईचे नाव सोनाबाई, बापाचे नाव कोणी विचारू नये, जन्म पोर्तुगीज मुलखातला, धंदा फिरता सिनेमा, हल्ली राहणार शहापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. छातीचे दुखणे बळावले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

कलम पहिले. शहापूरचे दोन खोल्यांचे कौलारू घर, परसातल्या शेवग्यासह, राहीला द्यावे. राही सिद्धगडाखालच्या वाडीतली. माझ्या यंत्राचे हँडल तिने वर्षानुवर्षे फिरवले, पण कधी चित्र अडखळू दिले नाही. तिला कोणी मोलकरीण म्हटले तर मी त्याच्या मानगुटीवर बसेन.

कलम दुसरे. यंत्र, तंबू, पडदा आणि बैलगाडी हेही राहीलाच. यंत्र मी पाटल्या मोडून घेतले. आमची नाटक मंडळी कल्याणला बुडाली, मालक पळाला आणि परमुलखात मी एकटी उरले. गोव्याला परत जाऊन कोणाच्या माडीवर गाण्यापेक्षा मी कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत मुके सिनेमे दाखवले. पडद्याशेजारी उभी राहून राजा, राणी, राक्षस, सगळ्यांचे बोलणे मीच बोलत असे. लोक हसत, "बाय, तुजी रानी गोव्याची हाय का गो?" मग मी इथली बोली शिकले.

कलम तिसरे, मुरबाडचा नामा. आधी माझा गाडीवान, मग धर्माचा भाऊ. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळले. मुरबाडकडच्या पौषातल्या जत्रेत तंबूची जागा धरायची तर आदल्या दिवशी तिथे नारळ फोडावा लागतो. ज्याचा नारळ त्याची जागा. पहिल्या वर्षी मी नारळ उचलला तेव्हा नामा म्हणाला, "बाय, बायमानसानं नारळ फोडू नाय. द्या इकडं." मी दिला. पुढे दरसाल दिला. भावाला मान दिला म्हणून सुखावले ती मीच.

मग बोलपट आले. नामाने कल्याणच्या एका शेटजीशी संधान बांधले आणि मला पत्ता लागू दिला नाही. त्या पौषात मी गाडी घेऊन पोचले तर माझ्या जागेवर नामाचा तंबू, आत बोलपटाचा भोंगा ओरडतोय. मी पंचांकडे गेले.

थोरले पंच म्हणाले, "बाय, दरसाल नारळ कोनी फोडला?"

"नामाने. पण नारळ माझा होता, तंबू माझा होता!"

"तं खरं गो. पन देवानं हात त्याचाच बघितलाय."

नामा तिथेच उभा होता. एक शब्द बोलला असता तर जागा माझी होती. तो म्हणाला, "आता पडदाच बोलतो, बाय. तुमी कशाला घसा फोडता?"

जागा गेली त्याचे दुःख आहेच. पण ज्याला ओवाळले त्याच्या तोंडून हे ऐकले, ते जळते आहे. नामाला ओवाळणीचे पितळी तबक तेवढे द्यावे. माझ्या घरात आता त्याचे काम नाही.

कलम चौथे, आणि खरे कलम हेच. नामा माझ्या मयताला येईल. रडेल, आणि खरोखरच रडेल. माणूस लबाड आहे, दगड नाही. रडू द्यावे. खांदाही देऊ द्यावा. पण मग तो पुढे होऊन म्हणेल, "बायमानसानं मडकं धरू नाय." मडके धरतो तो वारस, हे सारे गाव मानते, उद्या घर आणि यंत्र मागायला त्याला तेवढे पुरे. म्हणून मडके राहीनेच धरावे आणि राहीनेच फोडावे. भटजी उठून गेले तर जाऊ द्यावे, दक्षिणा वाचेल.

राहीला वाचता येत नाही, म्हणून साक्षीदारांनी एवढे तिला मोठ्याने वाचून दाखवावे: राही, कोणी कितीही मायेने हात पुढे केला, तरी देऊ नकोस.

सही: गिरजाबाई सोनाबाई बोरीकर

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
भिमा रामजी विशे
धाकलू गोविंद भोईर

शहापूर, जिल्हा ठाणे
ता. ९ नोव्हेंबर १९४४