अमेरिकेची गिटार आणि माझी फळी

८ फेब्रुवारी १९७२, मंगळवार
शेजारी थोरल्या दिरांकडे माझा पुतण्या, कानिफनाथ, नगरहून बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आलाय. रेकॉर्ड एकच, कुणा अमेरिकन पाहुण्याने दिलेली. गिटार म्हणे. मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. घाबरले नाही. फक्त चुलीजवळून उठून घरभर पाहून आले.
आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात; राखण देवाची, दार लावलं तर तो कोपतो. हे होते तेव्हा उंबऱ्याशी झोपत. आता माझा भरवसा कानांवर. या आवाजात घोडा आत आला तरी कळायचा नाही.

९ फेब्रुवारी
मोठ्या जाऊबाई मनकर्णा म्हणाल्या, एकलीला भ्या वाटत आसंल तर ये आमच्याकडं, तुझ्या घरात बैलं बांधू, ती न्हाईत भेत. मी म्हटलं, भितंय कोण? या भिंती यांनी हाताने लिंपल्यात. मी हलणार नाही. फायनल.
कानिफला आवाज हळू करायला सांगितलं. तो म्हणाला, काकू, हे हळू वाजवायचं न्हाईच. आज अमेरिकेतबी थोड्यांनाच ठावं हाय, उद्या समदी पोरं आसंच वाजवतील. समदी? अर्धं ताट सारून उठले. भाकरी जड झाली असावी.

१० फेब्रुवारी
प्लॅन पक्का. कुत्र्यांसाठी फळी टेकवलेली गावात चालते. सोनईला छगन सुतारांकडे चौकटीएवढी मागितली, वर बिजागऱ्या. ते म्हणाले, शिंगणापूरला बिजागरी? मला लेकरंबाळं हायेत, बाई. फळी तेवढी दिली.
काथ्याने बांधली तर ते दार होत नाही. माझ्यासारखं वाचन असलं की माणूस असा प्रॅक्टिकल होतो.

१२ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
फळी आतून बांधली. गिटार बरीच कमी झाली. उत्तम. आज झोप लागणार.

थोड्या वेळाने
शनिवार निवडायला नको होता. देवाला ते दारच वाटलं तर? फळी आपोआप करकरते. गाठ सुटेना. विळीने कापली.

रात्री
जाऊबाईंकडे आले आहे. आजच्यापुरती. अंथरूण, भांडी आणि यांचा फोटो, एवढंच आणलं. जाऊबाई दिरांना म्हणाल्या, सकाळी बैलं तिकडं न्या. मी ऐकलं नाही, गिटार चालू होती.
मग रेकॉर्ड संपली. सगळं शांत झालं आणि आमच्या घराकडचा एकेक आवाज ऐकू यायला लागला.
कानिफला म्हटलं, दुसरी बाजू लाव.