बांगडी वाढली

राजपुरी बंदर,
मंगळवार

ती. आईस,
शैलाचा नमस्कार.

आकुर्डीपासून स्कूटरने काही त्रास दिला नाही. रेवदंड्याला ती होडीत घालून खाडी ओलांडली. पुढे रस्ताभर समुद्र सोबतीला होता.

आमचे हे शिडाच्या होडीने जंजिरा बघायला गेलेत. मला पाण्याची भीती, म्हणून धक्क्यावरच बसलेय. वारा फार सुटलाय गं. मघाशी हातातली बांगडी फुटली. वाढली, वाढली म्हणायचं होतं! सासूबाईंना बोलू नकोस.

बाबांचा खोकला कसा आहे?

होडी अजून दिसत नाही. इथली कोळीण म्हणते, येतील. हे कार्ड मी ते परतल्यावरच पेटीत टाकणार आहे. तुझ्या हाती पडलं, की ते आले असंच समज.

तुझी घाबरट,
शैला