भाकरीच्या व्हिडिओखालची ओळ

आई,

ती पोलंडची पोरगी तुला आठवत असेल. कॉलेजात दोन देशांच्या विद्यापीठांचा एकत्र ऑनलाइन कोर्स होता. तू भाकरी थापायचीस, तिनं तिकडून रेकॉर्ड करायचं आणि मी मधे बसून एकीचं दुसरीला समजवायचं, असं ठरलेलं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून मी म्हणालो, "पाच मिनिटांत आलो." कोपऱ्यावर मित्राची नवी बाईक दिसली. गंगापूर धरणावर त्या दिवशी वारा कसला होता! असो. परतलो तेव्हा कॉल संपला होता. तू एवढंच म्हणालीस, "लोकाच्या लेकीला ताटकळत ठेवतो व्हय रे? मीच बोलत बसले मग."

काय बोललीस, ते मी विचारलं नाही. खाली इंग्रजी ओळी टाकायचं काम माझं. आवाज बंद करून, नुसते तुझे हात बघत पीठ, गरम पाणी, तवा असं ठोकून दिलं. एका जागी तू हात पदराखाली छातीशी नेतेस. तिनं विचारलं, हे काय? मी लिहिलं, आमच्याकडे आया म्हणतात, भाकरी काळजातून येते. तिकडच्या सरांनी ती ओळ सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. कुणालाच बोलल्या नाहीत?" बाबांनी आणि मी मान हलवली.

पुढं कॉलेज सुटलं, द्राक्षांच्या पॅकिंगला गेलो, आता त्र्यंबकला एका लॉजवर आहे, तेही किती दिवस कुणास ठाऊक. गेल्या आठवड्यात तिचा मेल आला. ती आता तिथंच शिकवते. नव्या मुलांना तुझा व्हिडिओ दाखवू का, विचारते. म्हणून चार वर्षांनी पहिल्यांदा आवाज लावला. तू हसतेस, "किती वाळलीस गं, जेवतेस का नाय?" ती काही न कळून मान डोलावते. मग तू दाराकडे बघतेस, आवाज खाली आणतेस. "इथं गाठ हाय. दुखत नाय, पण वाढती. घरात बोलले नाय. पोराची परीक्षा होऊन जाऊ दे. तुला कळत नाय म्हणून सांगते." ती परत मान डोलावते. तू भाकरी उलटतेस, आणि खाली माझी ओळ येते.

खरी ओळ लिहायला बसलो होतो. लिहिली, पुसली. तिला कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं आणि कळवलं, दाखव. परवा बाबांनी विचारलं, "आईचा तो भाकरीचा व्हिडिओ आहे का रे कुठं? आवाज ऐकला असता." म्हटलं, जुन्या फोनबरोबर गेला.