मी बांधलेली शेड

१८ जुलै
स्मशानातली शेड आज बांधून झाली. शेवटचा पत्रा ठोकून खाली उतरलो तर पिंढऱ्या भरून आलेल्या. तुळशीराम छत्री घेऊन उभा होता. म्हणाला, आपल्या बंकरपेक्षा बरी झाली. दोघंही हसलो. गावात बंकर पाहिलेले आम्ही दोघंच. एकाच भरतीत निघालो, कारगिलला एकाच डोंगरावर होतो. गोळा फुटून माझा डावा कान गेला तेव्हा तो हातभर अंतरावर होता. आता तो धान करतो, मी अड्याळ रोडवर वेल्डिंगचं दुकान चालवतो.
सरपंच आले, खांब हलवून पाहिला. फौजीचं काम आहे, हालते कायले, म्हणाले. बरं वाटलं. खोटं काहून लिहू.

२४ जुलै
दादाचा ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात भंडाऱ्याला न्या. दादा म्हणतो, धानाचा रोवणा अर्धा राहिला आहे. वहिनीने रडून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. उद्या उचलून गाडीत टाकतो.
बाबा गेल्यावर यानेच मला वाढवलं. भरतीसाठी नागपूरला गेलो तो याच्या चपला घालून. तोवर तो अनवाणी रोवणा करत होता. माय बोलली नसती तर मला कळलंही नसतं.

२७ जुलै
दादा गेला. भंडाऱ्यात, पहाटे.
काही सुचत नाही.

२८ जुलै
लिहितो. नाही लिहिलं तर काहीतरी करून बसेन.
काल दुपारी दादाला घरी आणलं. पाऊस थांबायला तयार नाही. आमच्या बौद्ध मोहल्ल्याची जागा नाल्यापलीकडे, आणि धरणाचं पाणी फुगून नाल्यात चढलेलं. पलीकडे जायला वाटच नाही. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा सरकारने इकडे सरळ रस्ते आखून प्लॉट दिले. लोकांनी मोहल्ले मात्र जसेच्या तसे उचलून आणले. वरचे वर, आम्ही खाली. स्मशानंही दोन, शेड वरच्यांच्या.
मोहल्ल्यातले सगळे म्हणाले, शेडमध्ये नेऊ. शेड पंचायतीची, म्हणजे गावाची. खांदा दिला आणि निघालो.
फाटकावर वरच्या मोहल्ल्याची माणसं आधीच उभी. पुढे प्रभाकर पाटील. आवाज चढवला नाही त्याने. गोडीत बोलला.
'फौजी, तू समजदार मानूस. इथं आजवर तुमच्यातलं कोनी आलं नाई. आता कायले रीत मोडतं?'
मी म्हटलं, शेड पंचायतीची आहे. माझ्या हातची आहे.
'बांधली तं बांधली. घर बांधनारा मिस्त्री घरात राहाले येते काय?'
मागून कोणीतरी हसलं. हसणारा दिसला नाही. दिसला तुळशीराम, त्यांच्यातच उभा. तीच छत्री. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वाटलं आता बोलेल. आता पुढे येईल. त्याने मान खाली घातली.
माझा हात उठलाच होता. वहिनीने दंड धरला. 'भाऊजी, यायले पावसात ठेवू नका. भांडन मंग करजा.'
दादाला परत फिरवलं. मेलेल्या माणसाला परत फिरवलं.
आमच्या शेताच्या बांधावर नेलं. दुकानातून लोखंडी अँगल आणले, चिखलात रोवले, वर पत्रे टाकले. लाकूड ओलं, डिझेल ओतावं लागलं. धूर पत्र्याखाली कोंडला, आम्ही सगळे खोकत उभे. बुद्धवंदना सुरू झाली, माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. शोकाने नाही. दात इतके आवळले होते की तोंड उघडेना.

३० जुलै
ठाण्यात गेलो, तक्रार दिली. साहेबांनी बसवलं, चहा दिला, माजी सैनिक म्हणून दोनदा सर म्हणाले. मग गावात शांतता राहिली पाहिजे वगैरे. मी म्हटलं, शांततेतच अडवलं मला, कोणी साधी शिवीसुद्धा दिली नाही. शेवटी अर्ज घेतला. म्हणाले, साक्षीदार सगळे तुमच्याच मोहल्ल्याचे आहेत. वरच्यांपैकी कोणी बोलेल का?
आहे एक, म्हटलं. तुळशीरामचं नाव बोलून बसलो. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

२ ऑगस्ट
तुळशीराम दुकानात आला. मी ग्राइंडर बंद केला नाही. तो थांबला. शेवटी मीच बटन दाबून बंद केला.
म्हणाला, रागावू नको, मी काय करनार होतो. त्या गर्दीत एकटा. पोरीचं लग्न जमून राहिलं. 'मले याच गावात राहाचं आहे ना बे.'
'मंग मले कोनत्या गावात राहाचं आहे?'
 ठाण्यात साक्ष देशील का विचारलं तर म्हणाला, पाहतो. मी दाराकडे बोट दाखवलं. गेला.
पुढचा एक जोड धड आला नाही. गेट कापून परत जोडलं.
वर डोंगरावर त्याचे पाय गार पडून निळे झाले होते. मी शर्टाची बटनं सोडून ते बगलेत धरले, उजाडेपर्यंत. बोटं वाचली त्याची. माझ्या अंगाच्या उबेने वाचली. तेव्हा कोणाला रीत आठवली नाही. एका डब्यात बर्फ वितळवून पाणी प्यायचो. तेव्हाही नाही. रीत इथे खालीच असते, या सपाट जमिनीवर.

५ ऑगस्ट
भर दुपारी गॅस कटर आणि सिलेंडर गाडीवर घालून स्मशानात गेलो. शेड पाडायची होती. माझे जोड मला माहीत, चार खांब कापायला कितीसा वेळ. कटर पेटवला. पहिल्या खांबाचा रंग फुगून जळायला लागला तेवढ्यात रेखा आली, धापा टाकत. बायको रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.
'तुमी कापलं तं त्यायचंच काम होते. उद्या म्हनतीन, फौजीनंच गावाची शेड पाडली. दादाचं कोनी नावबी काढनार नाई.'
खरं होतं. म्हणून जास्त राग आला, तिचासुद्धा. कटर विझवला. घरी आलो. जेवलो नाही.
खांबावर काळा डाग राहिला आहे. राहू दे.

१० ऑगस्ट
दादाचं पुण्यानुमोदन, त्याच्या आठवणीची सभा. मोहल्ला सगळा, पाहुणेही बरेच. एकेक जण उठून बोलला, दादा कसा मेहनती, कसा शांत. शांत हा शब्द ऐकून डोकं भणाणत होतं. किती शांत राहावं माणसाने?
शेवटी वहिनी उठली. ती चार माणसांत कधी बोलली नाही. पदर सारखा करून एवढंच म्हणाली, 'मी मेली तं मले त्या शेडीतच न्या. अडवलं तं फाटकापाशी ठेवून द्या. परत आनू नका.'
 

१४ ऑगस्ट
पंचायतीचा शिपाई उद्याचं आमंत्रण घेऊन आला. झेंडावंदन, मग दोन्ही माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. रेखाने त्याला दारातच सांगितलं, यायले सुटी नाई. शिपाई बिचारा, त्याचा काय दोष. पाणी पिऊन गेला.

१५ ऑगस्ट
दुकान उघडलं. मुद्दाम. आज काम करायचंच होतं, एका ट्रॉलीचा दांडा जोडायला घेतला. शाळेचा भोंगा वाऱ्याने इकडे ऐकू येत होता. राष्ट्रगीत सुरू झालं आणि माझे पाय आपोआप जुळले. हातात वेल्डिंगचा होल्डर, तोंडावर काच, आणि मी सावधान. रस्त्यावरचं कुत्रं पाहत होतं.
संपल्यावर होल्डर फेकला. अंगात इतकं मुरलेलं, काढू म्हटलं तर निघत नाही. त्या झेंड्यावर राग नाही माझा. तो माझाही आहे, कान दिलाय मी त्याला. खाली उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे.

१७ ऑगस्ट
तुळशीराम संध्याकाळी घरी आला. अंगणात उभा राहिला. मी बस म्हटलं नाही. रेखाने चहा दिला, तो उभ्यानेच प्यायला.
त्याने सांगितलं ते असं. परवा शाल पांघरली, माईक दिला, लढाईचे चार शब्द बोला म्हणाले. तो उभा राहिला आणि आवाजच फुटला नाही. लोकांना वाटलं गहिवरला. प्रभाकरने पाठ थोपटली. घरी येऊन शाल ट्रंकेत टाकली. बायकोला म्हणाला, मी ठाण्यात जातो. तेव्हापासून ती बोलत नाही. मुलीच्या सासरकडून फोनवर फोन.
'सोमवारी येतो मी. जे पाहिलं ते सांगतो.'
मी विचारलं, काय पाहिलं?
त्याने कप खाली ठेवला. 'तुले अडवलं ते. अन् मी गप्प होतो ते.'
जाताना म्हणाला, सकाळी तुझ्या गाडीवर मागं बसतो, सोबतच जाऊ. मी नाही म्हटलं.
तो गेल्यावर रेखा म्हणाली, येईन तो. मी म्हटलं, नाई येत. ती म्हणाली, तुमाले तो न आलेलाच पायजे, रागवाले बरं. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१८ ऑगस्ट
उद्या सोमवार. वहिनीही येते म्हणते, बयान द्यायला. तिला मी घेऊन जाईन.
त्याला नाही म्हटलं ते बरोबरच केलं. माझ्या मागे लपून यायचं नाही त्याने. आपली गाडी काढावी, पाटलाच्या दारावरून, पंचायतीवरून, भर गावातून एकट्याने यावं, सगळ्यांना दिसेल असं. विचारलं कुठे निघाला तर सांगावं. आला तरी माझा राग जाणार नाही, हे त्याला तिथेच सांगेन.
ठाण्याच्या फाटकाशी उभा राहणार आहे. चालू कान रस्त्याकडे करून.